बिनपगारी कोतवाल
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कोतवाल म्हटलं की आपल्याला दवंडी आणि वसुलीची नोटीस आठवते. मी बोलणार आहे तो दुसरा कोतवाल. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा, तारेवर नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसणारा. त्याला पगार नाही.

इराणपासून आपल्या देशातून पुढे चीन आणि जावापर्यंत तो आढळतो. दाट जंगल त्याला नको. मोकळं रान आणि मधूनमधून झाड, म्हणजे आपलंच शिवार. वखरामागे येतो, ढेकळातून उडालेला किडा हवेतच टिपतो. तांबडं फुटायच्या आधी बोलायला लागतो आणि शिकऱ्याची नक्कल अशी करतो की माणूसही वर बघतो.

एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्याची वीण. फांदीच्या बेचक्यात काड्या आणि मुळ्यांची उथळ वाटी, कोळ्याच्या जाळ्याने सांधलेली. अंडी 3-4. नर आणि मादी दोघंही उबवतात, पंधराएक दिवसांत पिल्लं निघतात. घरट्याजवळ कावळा, घार कोणीही येवो, हा एवढासा जीव त्याला पार शिवाराबाहेर घालवून येतो. होले आणि हळद्या म्हणून त्याच्या शेजारी घर करतात. राखण फुकट!

आता आपलं बघा. बांधावरचं झाड आपण विकतो कधी? मे महिन्यात. बियाण्याला पैसा नसतो तेव्हा. मीही विकलं, कडुनिंबाचं. झाड पडलं तेव्हा घरट्यात पिल्लं होती. जोडी दोन दिवस त्या खोडाभोवती ओरडत फिरली, मग दिसली नाही. मी हौसेने तोडलं नव्हतं, हे कापूस विकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

कोतवालाने कपाशी वाचते, असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. उघड्यावरची अळी आणि संध्याकाळी उडणारे पतंग तो खातो. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे त्याची चोच पोचत नाही. मधमाश्याही खातो, पेट्या ठेवणाऱ्याला तो आवडायचा नाही. पण ज्वारीच्या कणसावर बसला तर दाण्यासाठी नाही, किड्यासाठी बसतो. त्याच्यावर गोफण फिरवू नका.

झाड विकायचंच असेल तर दिवाळीनंतर विका, तोवर घरटी रिकामी होतात. आणि ज्याच्या बांधावर झाडच उरलं नाही, त्याने कपाशीत ज्वारीची चार तासं टाकावीत, नाहीतर पिकाच्या वर निघेल अशी काठी रोवून तिला आडवं लाकूड बांधावं. तो येऊन बसतो.