द्राक्षांचा सागरी प्रवास लांबला तर...

(द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



माणूस परदेशी निघाला आणि वाटेत खोळंबला, तर तो कुठेतरी पाठ टेकतो, दोन घास खातो आणि पुढची गाडी धरतो. आपल्या द्राक्षाला ही सोय नाही. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, पलूस किंवा साताऱ्याकडील खटाव, माण भागातील पेटी एकदा कंटेनरमध्ये चढली, की परदेशात दार उघडेपर्यंत तिला हात लावता येत नाही. वाटेत उशीर झाला तर त्याचा भुर्दंड मात्र बागेपर्यंत येतो. म्हणून उशीर होणारच असे गृहीत धरून काय तयारी करावी, ते आज पाहू.

उशीर का होतो?

न्हावा शेवा बंदरातून रॉटरडॅमला जाणारे जहाज लाल समुद्र व सुएझ कालव्यातून गेले, तर साधारण तीन ते चार आठवडे लागतात. हा कालवा १८६९ साली खुला झाला. १९६७ ते १९७५ अशी आठ वर्षे तो युद्धामुळे बंद होता. २३ मार्च २०२१ रोजी सुमारे ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज कालव्यात आडवे अडकले आणि २९ मार्चला सुटले. तोवर तीनशेहून अधिक जहाजे खोळंबली होती. आपला काढणी हंगाम तेव्हा चालू होता.

त्यानंतर नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबरपासून मोठ्या कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. या वळशाने अंतर सुमारे आठ हजार किलोमीटरने आणि प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी वाढला. भाडेही वाढले. २०२४ चा हंगाम असा गेला.

समुद्रातले हे संकट आपल्या हाती नाही. मात्र द्राक्ष कोणत्या अवस्थेत घराबाहेर पडते, हे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

निघतानाची तब्येत

द्राक्ष वेलीवरून तोडल्यावर पिकत नाही. केळी किंवा आंब्याप्रमाणे त्याची गोडी पुढे वाढत नाही; तोडल्या क्षणापासून ते फक्त उतरत जाते. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने बागेच्या वेगवेगळ्या भागांतील घड तपासून, १७ ते १८ ब्रिक्स गोडी आल्यावरच काढणी करावी. जादा पाणी व नत्र देऊन फुगवलेला मऊ मणी लांबच्या प्रवासात टिकत नाही. पाऊस झाल्यास घड पूर्ण कोरडे झाल्याशिवाय आणि तडकलेले, कुजके मणी वेचल्याशिवाय निर्यातीसाठी तोडू नयेत.

काढणी पहाटेपासून सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावी. क्रेट सावलीत ठेवून शक्य तितक्या लवकर पॅकहाऊसला पोचवावेत. प्रीकूलिंगला जितका उशीर, तितका देठ लवकर तपकिरी पडतो. आणि परदेशी ग्राहक प्रथम देठच पाहतो. त्यानंतर शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता अखंड राखावी लागते. या तापमानातही करड्या बुरशीची वाढ पूर्ण थांबत नाही, ती मंदावते. म्हणून पेटीत गंधक वायू सोडणारा कागद, म्हणजे ग्रेप गार्ड ठेवतात. गार गेलेली पेटी मध्येच गरम हवेत आली, तर मण्यांवर पाणी सुटते, कागदातील वायू एकदम बाहेर पडतो आणि पुढच्या दिवसांसाठी काही उरत नाही. प्रवास लांबण्याची शक्यता असेल, तर जास्त दिवस पुरणारा कागद वापरण्याविषयी निर्यातदाराशी आधीच बोलावे. कंटेनरमध्ये तापमाननोंदीचे यंत्र ठेवण्याचा आग्रहही धरावा. वाद झाल्यास तीच नोंद साक्षीदार ठरते.

कागदपत्रांमुळे होणारा खोळंबा

सर्वच खोळंबे समुद्रात होत नाहीत. २००३ मध्ये मेथोमिलच्या अंशामुळे नेदरलँडमध्ये आपली द्राक्षे अडली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला आपण लिहोसिन म्हणतो, त्याच्या अंशामुळे युरोपात पुन्हा तेच घडले. जहाज वेळेवर पोचूनही माल दारातच राहिला. म्हणून ग्रेपनेटवरील बागेची नोंदणी, फवारणीची तारीखवार वही आणि फवारणी व काढणी यांतील विहित अंतर, यांत कसूर नको. जे औषध शिफारशीच्या यादीत नाही, ते शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारू नये.

करार आणि विमा

मालाची जबाबदारी आपल्याकडून निर्यातदाराकडे नेमकी कुठे जाते, बागेत वजन झाल्यावर की परदेशात विक्री झाल्यावर, हे लेखी घ्यावे. विक्रीनंतर हिशोब करण्याचा व्यवहार असेल, तर उशिराचा तोटा आपल्या माथी येऊ शकतो, हे समजूनच सही करावी.

विम्याबाबत बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. सागरी मालविम्याच्या नेहमीच्या अटींत केवळ उशीर झाल्यामुळे होणारे नुकसान धरलेले नसते. युद्धाचा धोकाही वेगळा घ्यावा लागतो. तेव्हा विमा आहे एवढे ऐकून गप्प बसू नये. शीतकंटेनर बिघडल्यास काय, उशीर झाल्यास काय, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

दुसरी वाट मोकळी ठेवा

सर्व बाग एकाच तारखेला काढणीस येईल अशी छाटणी करू नये. टप्प्याटप्प्याने छाटणी केल्यास एखादे जहाज चुकले तरी सारा माल अडकत नाही. सांगलीकरांना बेदाण्याची वाटही आहे. निर्यात थांबली तर घड वेलीवर ठेवून २२ ब्रिक्सपर्यंत गोडी येऊ द्यावी. लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून ते शेडमध्ये रॅकवर वाळवावेत. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. निर्यातीचा जाड मणी वाळायला अधिक दिवस घेतो, एवढे लक्षात ठेवावे. तोवर पावसाचा धोका राहतो, म्हणून हवामानाचा अंदाज पाहूनच थांबावे.

बंधूंनो, निर्यातीचा दर ऐकताना त्यासोबत तीन गोष्टी विचारत जा: जहाज कोणत्या मार्गाने जाणार, किती दिवसांत पोचणार आणि उशीर झाला तर नुकसान कोणाचे? या तिन्हींचे लेखी उत्तर मिळाल्यावरच काढणीच्या टोळीला निरोप द्यावा.