एरचच्या चौकात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत वाचलेले भाषण)



आजच्या सभेत प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही वक्ते नव्हेत. जे पाहिले तेवढे सांगतो.

कोजागरीच्या बैठकीत आपल्यातील एका दांपत्याने हॉलंडमधील डेल्फ्ट नगराच्या चौकाची चित्रे दाखविली होती, ती पुष्कळांना आठवत असतील. प्रशस्त फरसबंद चौक, एका टोकाला नगरसभागृह, त्याच्या समोर दुसऱ्या टोकाला उंच मनोऱ्याचे चर्च. १५८४ साली त्याच नगरात मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडलेल्या विल्यम ऑफ ऑरेंजची समाधी त्या चर्चमध्ये आहे. चौकात ह्यूगो ग्रोशियस या न्यायपंडिताचा पुतळा आहे. चित्रे संपल्यावर एका लहान मुलीने विचारले, "आपल्या गावाला असा चौक आहे का?"

उत्तर कोणीच दिले नाही, कारण आपले गाव कोणते येथूनच अडचण होती. कागदोपत्री आमचे मूळ गाव इंदापूर तालुक्यातले. तेथे आमच्या आजोबांनीही कधी बिऱ्हाड केले नव्हते. नारो शंकर १७४२ साली झाशीस आले, त्यांच्या मागोमाग दक्षिणेतून जी घराणी बुंदेलखंडात उतरली त्यांतले आमचे एक. जन्म झाशीचा. पण तेथले घर विकून आता बरीच वर्षे झाली. पुण्याचे आप्त आम्हांस 'झाशीवाले' म्हणतात, आणि झाशीचे शेजारी 'दक्खिनी पंडित'. त्या मुलीला यांतले काय सांगावे? भीड पडली, आणि आमच्या तोंडून निघून गेले, "चौक पाहायचा ना? फाल्गुनात एरचला नेतो."

एरचच का, ते सांगितले पाहिजे. आमच्या आजी होळीच्या दिवशी पुरण वाटता वाटता म्हणत, "प्रल्हादाचे गाव इथून दूर नाही हो." आमचे कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचे. नीरा आणि भीमा यांच्या संगमावर प्रल्हादाने वाळूची नृसिंहमूर्ती घडविली, अशी तेथली कथा. आजींनी ते क्षेत्र आयुष्यात एकदाच पाहिले होते. एरच मात्र झाशीपासून पाऊणशे किलोमीटरही नाही, तरी तेथे त्या कधी गेल्या नाहीत आणि आम्हीही गेलो नव्हतो. घराजवळचे पाहायचे राहून जाते, ते असे.

फाल्गुनात आम्ही चार कुटुंबे झाशीस जमलो. कानपूरच्या रस्त्याने मोठ ओलांडून पुढे गेलो आणि बेतवेच्या पुलाशी पोहोचलो. पलीकडे उंचावर गाव. नदी रोडावली होती, वाळूचे पट्टे उघडे पडले होते.

बाजाराच्या चौकात उतरलो तेव्हा मुलांची निराशा लपेना. चौक कसला, चार रस्ते एकत्र येतात एवढेच! सायकलदुरुस्तीचे दुकान, पिचकाऱ्या आणि गुलालाच्या राशी, कढईत तळत असलेल्या गुझिया, आणि मध्ये होळीसाठी रचलेली लाकडे. पुतळा नाही, मनोरा नाही. "पाटी कुठे आहे?" मुलीने विचारले. पाटीही नव्हती.

मग त्या लाकडांच्या शेजारी उभे राहून आम्हीच पाटीचे काम केले. हे गाव जुने, फार जुने. पाली वाङ्मयात दशार्णांच्या देशातले 'एरकच्छ' म्हणून याचा उल्लेख येतो, आणि या नगराचे नाव ब्राह्मीत कोरलेली नाणी येथेच सापडली आहेत. पुरातत्त्वज्ञ ओ. पी. लाल श्रीवास्तव यांनी १९९१ साली एरचवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील नाण्यांवरून आणि अक्षरे कोरलेल्या विटांवरून इतिहासाला ठाऊक नसलेली राजघराणी उजेडात आली, असे त्यांचे प्रतिपादन. दाममित्र हे त्या विटांवरील एका राजाचे नाव. दगडावर नाव कोरणारे राजे पुष्कळ, विटेवर कोरणारे आम्हांस तरी नवेच. पुढे १४१२ साली येथे जामा मशीद उभी राहिली. अकबराच्या काळी आग्रा सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे होते. १६०२ साली अबुल फजलचा वध करविणारा वीरसिंहदेव बुंदेला मोगली फौजेच्या वेढ्यात येथेच अडकला आणि निसटून गेला. १६२९ साली जुझारसिंहाच्या बंडात शाहजहानच्या सैन्याने एरचचा किल्ला हल्ला करून घेतला. आणि जवळच्या गुरसरायला तर आपल्या खेरांची जहागीर होती, हे ऐकून आमच्यातील एक खेर आडनावाचे गृहस्थ उगाचच ताठ उभे राहिले.

हे चालले असता शेजारच्या ओट्यावरील एक वृद्ध उठून आले. बुंदेलीत म्हणाले, विटा-नाण्यांचे ठीक आहे, पण मुख्य गोष्ट सांगितलीच नाहीत. ही हिरण्यकशिपूची राजधानी. डिकौलीच्या टेकडीवरून प्रल्हादाला बेतवेत लोटले ते येथे, आणि जगातली पहिली होळी पेटली तीही येथेच. आम्ही म्हटले, बाबा, मुलतानलाही प्रल्हादाचे मंदिर होते, बिहारात पूर्णिया जिल्ह्यातले लोक होलिकादहन आपल्याकडचे म्हणतात, आंध्रात अहोबिलम् आहे. ते शांतपणे म्हणाले, "असतील. त्यांच्याकडे बेतवा आहे का?" यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

मग त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. "कहाँ के हो?" आम्ही सवयीने "झाँसी के" म्हटले. त्यांनी आमच्या सौभाग्यवतींच्या लुगड्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दक्खिनी हो." अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही! एरवी हा शब्द आम्हांला बोचतो, त्या दिवशीही बोचलाच. पण आमच्या वहिनींनी पदर सावरून सांगितले की आम्ही नरसिंहाचे, तो आमचा कुलदेव. म्हातारबाबांचा चेहरा पालटला. "तो फिर बाहर के काहे के?" असे म्हणून त्यांनी सर्वांना ओट्यावर बसविले आणि गुझिया मागविल्या. डब्यातल्या पुरणपोळ्या आम्ही त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक पोळी घेऊन बारकाईने न्याहाळली आणि गोड भाकरी म्हणून खाल्ली. तूप नको म्हणाले, ते मात्र आम्हांस पटले नाही.

डेल्फ्टचा चौक १५३६ च्या आगीनंतर आणि १६५४ च्या दारूगोळ्याच्या स्फोटानंतरही त्या लोकांनी जपला, याचे कौतुक आहेच. एरचचे तसे नाही. येथील मोडके अवशेष पाहून आमचा जीव तुटला. एके ठिकाणी जुन्या भिंतीला गोवऱ्या थापल्या होत्या. पण रागावायचे कोणावर? आम्ही तरी झाशीचे आमचे घर जपले कोठे?

परतताना मुलीने पुलाखालची मूठभर वाळू रुमालात बांधून घेतली. वहिनी ती पुढे नीरा-नरसिंहपूरला नेणार आहेत. पुजारी ती देवापाशी ठेवू देतील की नाही, कोण जाणे.

येत्या फाल्गुनात पुन्हा जाण्याचा बेत आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पौषअखेर चिटणिसांकडे नावे द्यावीत. डबे घरून आणावेत, आणि तूप वेगळे.