वाळू कोणाच्या मालकीची?

(नांदेड-लातूर भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यात मांजरेच्या काठी सगरोळी, येसगी ही गावे आहेत. तेथील वाळूला जिल्ह्यात मागणी आहे, तशी सीमेपलीकडे तेलंगणातही आहे. नदीच्या या ठेव्यावर काठच्या गावाचा हक्क किती, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एका शब्दाचे आहे : शून्य. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 20 प्रमाणे नदीनाल्यांचे पात्र राज्य सरकारचे, आणि कलम 48 प्रमाणे जमिनीच्या पृष्ठभागावर वा पोटात कोठेही सापडणारे खनिजही, सनदेत वेगळे काही लिहिलेले नसेल तर, राज्य सरकारचेच. परवान्याविना ते उचलणाऱ्यास बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. इमारत वा रस्त्याच्या भरावासाठी वापरली जाणारी साधी मातीही केंद्र सरकारने 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेने गौण खनिजांत घातली.

ही सरकारी मालकी मराठवाड्यात कोणत्या वाटेने आली, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. या मुलखाला तिचा पहिला मोठा अनुभव निजामाच्या राजवटीत आला. 1886 साली निजाम सरकारने संस्थानातील खनिजांची सवलत वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रज भांडवलदारांना दिली. तिच्या बळावर लंडनमध्ये 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' उभी राहिली. संस्थानच्या वतीने हा सौदा जुळविणारे सरदार अब्दुल हक स्वतःच त्या भागभांडवलाच्या व्यवहारात गुंतलेले निघाले. प्रकरण इतके चिघळले की, 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेला चौकशी समिती नेमावी लागली. चौकशी झाली ती गुंतवणूकदारांच्या आणि दरबाराच्या पैशाची. ज्यांच्या पायाखालचे खनिज विकले गेले ती रयत त्या प्रकरणात पक्षकार नव्हती. पुढे 1948 मध्ये निजामशाही संपली, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1950 च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. जमिनीच्या वरच्या थराचा असा काही ना काही निकाल लागला. खालच्या थराचा मालक मात्र बदलला नाही. दरबाराच्या जागी सचिवालय आले, एवढेच.

तेव्हा सरकारविषयीचा अविश्वास हा लोकांचा भ्रम नव्हे. गेल्या काही वर्षांतील वाळू धोरणे पाहावीत. 2023 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने लिलाव बंद करून सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे जाहीर केले. 2025 च्या एप्रिलमध्ये डेपो मोडीत निघाले, लिलाव परत आले आणि घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास वाळू विनामूल्य देण्याचे आश्वासन मिळाले. दोन वर्षांत दोन टोके! मधल्या काळात पात्रात उतरणारी यंत्रे आणि रात्री धावणारे हायवा कोणत्याही धोरणासाठी थांबले नाहीत. तलाठी आणि तहसीलदार अडवायला गेले की त्यांच्या अंगावर वाहन घातल्याच्या बातम्या येतात. त्या अधिकाऱ्यांचे धैर्य मान्य केलेच पाहिजे. पण सरकार ज्या वस्तूचे मालक आहे तिचे रक्षण करू शकत नाही आणि गरजूला ती वेळेवर देऊही शकत नाही, ही वस्तुस्थिती त्या धैर्याने झाकली जात नाही.

या अविश्वासातून एक युक्तिवाद पुढे येतो, आणि शेतकरी चळवळीतील तरुणांना तो पटतोही. तो असा : सरकारला मालकी झेपत नसेल तर ती जमीनधारकाला द्या; ज्याची जमीन त्याचे खनिज. याला सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाचा आधारही सांगितला जातो. 8 जुलै 2013 रोजी केरळातील मलबारच्या जन्मी जमिनींच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, कायद्याच्या वैध मार्गाने हिरावून घेतले नसेल तर भूगर्भातील खनिज जमीनमालकाचेच. महाराष्ट्रात कलम 48 आडवे उभे आहे, ही गोष्ट वेगळी. प्रश्न कायद्याच्या कलमापुरता नाही. तसे झाल्यास काय होईल, हा आहे.

जेथे तसे आहे तेथे काय झाले ते पाहता येते. अमेरिकेत खासगी जमिनीच्या पोटातील खनिज सामान्यतः जमीनमालकाचे असते आणि ते जमिनीपासून वेगळे काढून विकता येते. संघराज्याच्या जमिनीवर 1872 च्या कायद्याप्रमाणे नागरिकाला खूण रोवून खनिजावर दावा सांगता येतो. तो कायदा आजही जिवंत आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचे हे मोठे उदाहरण म्हणून सांगतात. त्याच देशात केंटकीच्या डोंगराळ भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी दलालांनी शेतकऱ्यांकडून कोळशाचे हक्क लिहून घेतले, कित्येकदा एकरी अर्धा डॉलर इतक्या क्षुल्लक रकमेला. वरची जमीन तुमची, खालचा कोळसा आमचा, असा तो दस्तऐवज. पुढे वरून माती खरवडून कोळसा काढण्याची यंत्रे आली आणि विकणाऱ्यांच्या नातवंडांची शेते, फळझाडे कंपन्यांनी उलथून टाकली; न्यायालयांनीही बराच काळ त्या कागदालाच मान दिला. जमीनधारकाच्या संमतीविना अशी खोदाई रोखण्यासाठी 1988 मध्ये केंटकीच्या घटनेत दुरुस्ती करावी लागली. कर्जात बुडालेला लातूरचा कोरडवाहू शेतकरी अशा दलालापुढे किती दिवस टिकेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय नदीपात्र कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते. भूमिहीनाने कोणती खूण रोवावी?

परंतु येथे समाजवाद्यांनाही स्वतःच्या घरात डोकावून पाहिले पाहिजे. राष्ट्रीयीकरण झाले की काम झाले, अशी समजूत चळवळीत दीर्घकाळ होती. घटनेच्या अनुच्छेद 39 (ख) मध्ये शब्द आहेत ते समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे; त्यांचा अर्थ सरकारी तिजोरीची संपत्ती असा सोयीने करून घेतला गेला. डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरचे राज्य मांडले होते. खनिजाच्या बाबतीत पहिला खांब कधी रोवलाच गेला नाही. 25 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजहक्कावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. केंद्राविरुद्ध राज्यांची बाजू बळकट झाली, हे चांगलेच झाले. मात्र इतक्या मोठ्या वादात तंटा होता तो वरच्या दोन खांबांमध्ये.

वाळूच्या बाबतीत गावाला पक्षकार का करावे, याचे कारण केवळ तत्त्वाचे नाही. वाळू पाणी धरते. पात्रात तिचा थर असला की पाणी मुरते, काठच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात. पात्र खडकापर्यंत खरवडले की पूर वाहून जातो आणि विहीर उघडी पडते. ज्या मांजरेवर लातूर शहर अवलंबून, तिचे धरण 2016 मध्ये आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या आपत्तीचे खापर वाळूउपशावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. लागोपाठची अवर्षणे आणि उसाला गेलेले पाणी हीच तिची मोठी कारणे होती. पण वाळूचे मोल तिजोरी ब्रासमध्ये मोजते आणि गाव घागरीत मोजते, हा फरक त्या उन्हाळ्याने दाखवून दिला.

गावाला अधिकार देणारा कायदा नाही असेही नाही. नांदेड जिल्ह्यातच किनवटकडच्या अनुसूचित क्षेत्रातील गावांना 1996 चा पेसा कायदा लागू आहे. गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी किंवा लिलाव करण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस त्याने बंधनकारक केली आहे. त्यातील 'किंवा' हा शब्द घातक आहे, कारण ग्रामसभेला वळसा घालण्याची वाट त्यातूनच निघते. तरीही तो कायदा आहे. बिलोलीच्या गावांना ग्रामसभेच्या ठरावाचे जे स्थान वेळोवेळी मिळाले, ते वाळू धोरणाच्या शासन निर्णयातून. निर्णय बदलला की ते बदलते. एकाच जिल्ह्यात एका गावाला कायद्याचा अधिकार आणि दुसऱ्याला मंत्रालयाची मेहेरबानी, हा भेद पक्षाच्या मागणीचा विषय झाला पाहिजे. किनवटला आहे ते बिलोलीला द्या, आणि दोन्हीकडचा 'किंवा' काढून टाका, अशी ती मागणी असावी.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. केंद्र सरकारच्या 15 जानेवारी 2016 च्या अधिसूचनेप्रमाणे गौण खनिजांचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल तयार करावा लागतो. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी ठेवणे बंधनकारक आहे. कोणत्या घाटावर किती वाळू आहे आणि किती काढता येईल, हे त्यात आकड्यांनी लिहिलेले असते. नदीकाठच्या प्रत्येक शाखेने हा मसुदा मिळवावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, पात्रात उतरून थराची खोली मोजावी आणि आकडा जुळत नसेल तर मुदतीत लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी.