रेपो रेट एक, झटके वेगवेगळे

आजचा विषय आहे रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट आणि आपली नोकरी. नाव जड आहे, पण तळवलीत राहणाऱ्यांसाठी हा अगदी दारातला विषय.

आधी थोडा हिशेब. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो रेट ४ टक्के होता. महागाई आवरायला तो वाढवत नेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोहोचला. तिथे दोन वर्षं थांबला. फेब्रुवारी २०२५ पासून कपात सुरू झाली.

आता बघा, दर सगळ्यांना एकच. मग झटका सारखाच बसतो का? नाही. तुम्हाला कामावर कसं ठेवलंय, यावर बरंच ठरतं.

पहिला, नाक्यावरचा गवंडी. बिल्डरचं कर्ज महागलं, फ्लॅट घेणाऱ्याचा हप्ता वाढला, की नवं काम पुढे ढकललं जातं. गवंड्याला नोटीस वगैरे काही येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी बोलावतच नाही, बस.

दुसरा, टीटीसी एमआयडीसीतला कामगार. ऑर्डरी घटल्या की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग ठेकेदाराची माणसं कमी होतात. पर्मनंट माणसाचा पगार करारानं बांधलेला, तो सहसा टिकतो. म्हणजे मशीन एकच, काम तेच, पण धोका वेगळा.

तिसरी, ऐरोलीच्या आयटी पार्कमधली मुलगी. तिचा क्लायंट अमेरिकेत असेल, तर तिथल्या फेडरल रिझर्व्हचा दरही तिला लागतो. तो मार्च २०२२ पर्यंत जवळपास शून्य होता, जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० झाला. अशा वेळी क्लायंट खर्चाला हात आखडता घेतो. आत असलेल्यांची नोकरी बहुधा राहते, पण फ्रेशर्सची जॉइनिंग लांबते.

थोडक्यात, महागाई सगळ्यांची कमी होते, पण त्याची किंमत आधी मोजतो तो ज्याला काढणं सोपं. आणि दर उतरले की? काम परत येतं, पण बऱ्याचदा आधी ठेक्यावर. पर्मनंट भरती सगळ्यात शेवटी.

म्हणून फ्लोटिंग रेटचं कर्ज घेताना फक्त हप्ता बघू नका. दर वाढला, तर हप्ता किंवा मुदत वाढणार आणि त्याच वेळी कामही घटू शकतं. बँक विचारते, पगार किती? तुम्ही स्वतःला विचारा, मंदी आली तर आमच्याकडे पहिला नंबर कुणाचा? उत्तर "माझा" असेल, तर आधी काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, मग सही करा.

भेटूया पुढच्या भागात!