तहान उन्हाची की आजाराची?
पीयूषिका ग्रंथीत पसरणाऱ्या कर्करोगाची ओळख आणि उपचार



सोलापूरचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत घरातील कोणी वारंवार पाणी मागितले तर त्यात कोणाला वावगे वाटत नाही. परंतु ती व्यक्ती पूर्वी कर्करोगावर उपचार घेतलेली असेल, रात्री चार-पाच वेळा उठून पाणी पीत असेल आणि तितक्याच वेळा लघवीस जात असेल, तर ती तहान उन्हाची आहे असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. उन्हाने तहान लागते तेव्हा घाम जातो, लघवी कमी व गडद होते. येथे मात्र ती भरपूर आणि पाण्यासारखी स्वच्छ असते. हा साधा फरक घरच्या घरी ओळखता येतो आणि पुष्कळदा तोच निदानाचा पहिला धागा असतो.

मेंदूच्या तळाशी, कवटीतील खोगिराच्या आकाराच्या एका लहान खाचेत, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. पिट्युटरी या नावानेही ती ओळखली जाते. तिचे वजन साधारण अर्धा ग्रॅम. पण तिचा अंमल साऱ्या शरीरावर चालतो. तिचा पुढील भाग अवटू ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी व प्रजनन ग्रंथी यांना संप्रेरकांद्वारे आज्ञा देतो. मागील भागातून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना शरीरातील पाणी राखून ठेवण्यास सांगते. स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग रक्तावाटे पसरतो तेव्हा त्याच्या पेशी क्वचित या ग्रंथीतही रुजतात. अन्य अवयवांच्या कर्करोगातही असे घडते. तथापि या दोहोंचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. ग्रंथीच्या मागील भागाला धमन्यांतून थेट रक्त मिळते. त्यामुळे हा भाग प्रथम सापडण्याचा संभव अधिक असतो आणि म्हणूनच अनिवार तहान हे या विकाराचे ठळक लक्षण ठरते. वैद्यकात यास ‘डायबेटिस इन्सिपिडस’ म्हणत आले आहेत. नावात डायबेटिस असले तरी साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. हा घोटाळा टाळण्यासाठीच २०२२ साली तज्ज्ञांच्या संघटनांनी त्यास ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ असे नवे नाव सुचविले.

एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. विडी वळणारी एक कामगार स्त्री आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. आता हजार विड्यांचे रोजचे काम तिच्याकडून पुरे होत नाही. उठताना भोवळ येते, अन्नावरची वासना उडाली आहे, डोके दुखते. रस्त्याने जाताना बाजूने येणारी सायकल तिला दिसत नाही. कधी एका वस्तूच्या दोन वस्तू दिसतात. घरचे म्हणतात, मोठ्या आजारानंतर अशक्तपणा राहायचाच. रक्तातील साखर तपासली जाते, ती योग्य निघते आणि चौकशी तेथेच थांबते. वास्तविक तेथूनच ती सुरू व्हावयास हवी.

कारण यातील प्रत्येक लक्षणास निश्चित अर्थ आहे. ग्रंथीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांचे दृष्टितंतू एकमेकांस छेदतात. त्यांवर दाब आला की दोन्ही कडांची दृष्टी जाते. शेजारून जाणाऱ्या, डोळा फिरविणाऱ्या तंतूंना इजा झाली की दुहेरी दिसते. थकवा, ओकाऱ्या, रक्तदाब उतरणे ही कॉर्टिसॉल या जीवनावश्यक संप्रेरकाच्या कमतरतेची चिन्हे असू शकतात. ती दुर्लक्षित राहिली आणि त्यात ताप किंवा जुलाब यांची भर पडली, तर रुग्ण काही तासांत दगावू शकतो.

निदानाचा आरंभ साध्या तपासण्यांनी होतो. २४ तासांत लघवी किती होते, याचे माप ठेवावे. प्रौढ व्यक्तीत ती तीन लिटरांहून अधिक असेल तर ते डॉक्टरांच्या निदर्शनास आणावे. त्यानंतर रक्तातील सोडियम, लघवीची घनता, सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल व अवटू ग्रंथीची संप्रेरके तपासतात. केमोथेरपीबरोबर पुष्कळदा स्टेरॉइड दिलेले असते व त्याने कॉर्टिसॉलची तपासणी फसते. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांस अवश्य दाखवावी. ग्रंथीचे चित्र एमआरआय तपासणीत सर्वांत चांगले दिसते. तथापि चित्र म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. या ग्रंथीत साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी पुष्कळ आढळतात, तसेच कर्करोगावरील काही प्रतिकारशक्तिवर्धक औषधांनीही तिला सूज येते. गाठ झपाट्याने वाढणे, ग्रंथीचा देठ जाड होणे, तहान व दुहेरी दृष्टी ही लक्षणे कर्करोगाकडे बोट दाखवितात. शंका राहिल्यास गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

उपचारांत क्रमास फार महत्त्व आहे. प्रथम कॉर्टिसॉलची उणीव हायड्रोकॉर्टिसोनने भरून काढावयाची, त्यानंतर थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटल्यास रुग्णाची प्रकृती अकस्मात ढासळू शकते. प्रकृती गंभीर असेल तर तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देतात. कॉर्टिसॉलची उणीव तहान व लघवी यांना झाकून ठेवते. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर ती एकाएकी वाढली तर औषध बाधले असे समजून ते बंद करू नये. तहानेवर डेस्मोप्रेसिन हे औषध आहे. ते सुरू होण्यापूर्वी रुग्णाचे पाणी तोडणे घातक आहे. आणि ते सुरू झाल्यावर गरजेपेक्षा अधिक पाणी पिणेही अपायकारक आहे. ताप आल्यास स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागते. ती किती, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

दृष्टी धोक्यात असेल तर नाकावाटे शस्त्रक्रिया करून गाठीचा दाब कमी करतात. अन्य रुग्णांना किरणोपचार उपयोगी पडतो. नेमक्या जागी किरण एकवटण्याची पद्धतही उपलब्ध आहे. मूळ कर्करोगावरील औषधे त्याबरोबर चालूच राहतात. या अवस्थेत रोग समूळ नाहीसा होणे बहुधा शक्य नसते आणि आयुष्याची मर्यादा बव्हंशी मूळ रोगावर अवलंबून राहते, हे सत्य कुटुंबापासून लपवू नये. परंतु परतलेली दृष्टी, शांत झोप आणि स्वतःच्या पायांवर चालण्याचे बळ या गोष्टी लहान नाहीत. काही रुग्णांना अशी वर्षे लाभतात.

या जिल्ह्यास वेळीच ओळख पटविण्याच्या कार्याची मोठी परंपरा आहे. बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगाव गेले, लोकांशी बोलले आणि लक्षणे समजावून सांगितली. गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत आढळू लागला, हे त्या संवादाचे फळ होते. सोलापूर शहरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आरंभ झालेली आणि पुढे महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाणारी राज्य शासनाची योजनाही कर्करोगाच्या अनेक उपचारांसाठी साहाय्य देते.

पीयूषिका ग्रंथीत पसरलेला कर्करोग विरळा आहे. त्यामुळे प्रत्येक तहानेला भिण्याचे कारण नाही. मात्र ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे, त्या घराने आणि तेथे जाणाऱ्या आशा कार्यकर्तीने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : रात्री पाण्यासाठी किती वेळा उठावे लागते? कडेचे दिसते काय? उठताना भोवळ येते काय? उत्तर शंकास्पद असेल, तर ‘हे आजाराचेच शेपूट’ म्हणून ते सोडून न देता रुग्णास डॉक्टरांकडे न्यावे. गावोगाव जाऊन विचारपूस करणाऱ्या बार्शीच्या कार्यकर्त्यांनी जो पाठ घालून दिला, तो हाच होय.