पेचोरिनचं लहानपण

तर मंडळी, आजचं पुस्तक १८४० चं. लेर्मोंतोवचं 'आमच्या काळाचा नायक'. कथा पाच, माणूस एकच: पेचोरिन. क्रम मुद्दाम उलटसुलट. तो मेल्याचं मधेच कळतं आणि मग त्याची डायरी सुरू होते!

काकेशसमधल्या प्यातिगोर्स्कला तो मेरीला लहानपणाबद्दल सांगतो. लोकांना माझ्या चेहऱ्यावर वाईटपणा दिसायचा, जो नव्हताच. शेवटी तो खरंच आला. ऐकून मेरीच्या डोळ्यांत पाणी. इकडे डायरीत साहेब लिहितात, बोलण्याआधी मी चेहरा हळवा करून घेतला होता.

म्हणजे सगळं नाटक? मला नाही वाटत. दुखणं खरंच आहे, म्हणून तर ते मेरीला लागतं. पण तेच तो हत्यारासारखं वापरतो, लग्नाचा विचारही मनात नसताना. पुढे तिला तोंडावर सांगतो, मी तुमची चेष्टा करत होतो.