फ्लोरस्पार : कारखान्यांतील मित्र, विहिरींतील शत्रु

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. अक्राणीचे डोंगर उतरून नदी ओलांडली, कीं पुढें गुजरातेंतील कवांटचा मुलूख लागतो. तेथें आंबाडुंगर नांवाचा डोंगर आहे. सातपुड्याचा काळा पाषाण ज्या युगांत लाव्हारसांतून घडला, त्याच युगाच्या सुमारास, म्हणजे सुमारें ६.५ कोटि वर्षांपूर्वीं, येथेंहि ज्वालामुखी जागृत होता. त्याच्या उदरांतून वर चढलेल्या उष्ण द्रवांनीं खडकाच्या भेगांत फ्लोरस्पार हें खनिज सांठवून ठेविलें.

कॅल्शियम व फ्लोरीन यांचा हा क्षार. शुद्ध असतां तो कांचेसारखा निर्वर्ण असतो. पण यत्किंचित् भेसळीनें जांभळा, हिरवा वा पिवळा रंग धारण करितो. त्याचे कांहीं नमुने अतिनील किरणांत निळसर उजळतात. याच गुणावरून स्टोक्स या शास्त्रज्ञानें १८५२ सालीं 'फ्लुओरेसन्स' हा शब्द बनविला.

त्याचे उपयोगहि थोडे नाहींत. पोलादाच्या भट्टींत तो मळी पातळ करितो, व ती धातूपासून सहज वेगळी होते. गंधकाम्लाबरोबर तापविला, कीं कांचेलाहि खाणारें हायड्रोफ्लोरिक आम्ल निघतें. याच आम्लांतून फ्रान्समध्यें मोआसां यांनीं १८८६ सालीं फ्लोरीन प्रथम मुक्त केला. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांस लागणारे क्षारहि त्यापासूनच होतात. आंबाडुंगरचा दगड शुद्ध करण्यासाठीं गुजरात खनिज विकास महामंडळानें कडीपाणी येथें कारखाना उभारला, तो याच मागणीपायीं.

हा क्षार पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, असें सांगतात. या 'जवळजवळ' शब्दांतच सारा धोका आहे. एक लिटर पाण्यांत त्याचे सुमारें १६ मिलिग्रॅम विरतात. त्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम फ्लोराइड असतें. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें १.५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, अशी मर्यादा आहे. फ्लोराइडयुक्त खडकांत दीर्घकाळ राहिलेलें पाणी ही मर्यादा ओलांडूं शकतें. दांत घडण्याच्या वयांत असें पाणी पोटांत गेल्यास दांतांवर कायमचे डाग पडतात. वर्षानुवर्षें प्याल्यास हाडें व सांधे ताठरतात. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवांनीं हें दुःख भोगलें आहे.

श्रोतेहो, या पाण्यास रंग वा वास यांची खूण नसते. उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनें तुरटी व चुना घालून तें खालीं बसविण्याची 'नालगोंडा' पद्धति शोधून काढली आहे. परंतु पहिलें कर्तव्य परीक्षेचें. विहिरीस वा कूपनलिकेस पाणी लागलें, कीं त्याच्या गोडीवर समाधान न मानतां तें प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. कारण मुलाच्या दांतावर एकदां पडलेला डाग मागाहून शुद्ध पाण्यानें धुतला जात नाहीं.